केरेराच्या टेकडीवरून

तो फोटो टीव्हीवर आला तेव्हा मी गुरुदत्तच्या ताटलीत आणखी एक बटाटेवडा वाढत होते. वडा ताटलीत पडायचा तो त्याच्या मांडीवर पडला. "अहो उल्कावहिनी, नको म्हणालो तर फेकून मारता काय!" असं म्हणून गुरुदत्त हसला, त्याची बायको मीरा हसली, माझा नवरा यतीन हसला, आणि मीही हसले असेन, कारण चारचौघांत तोंड आपलं आपण हसतं. यतीन लगेच उठून पेपर टॉवेल घेऊन आला. गुरुदत्तची मांडी राहिली बाजूला, त्याने आधी सोफा पुसला आणि त्या जागेवर तो लिंबाच्या वासाचा स्प्रे मारला. त्या वासाने मला अलीकडे मळमळतं. आमच्या फ्रीमाँटच्या घरात खालपासून वरपर्यंत हाच वास आहे, गाडीतही तोच, उशीच्या अभ्र्यालाही तोच, आणि येणारी-जाणारी माणसं म्हणतात, किती क्लीन ठेवता हो घर! मी खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. फोटो अजून होता.

फोटोत तसं काही नव्हतं. हिरवीगार टेकडी, तिच्या अंगावरून खाली गेलेली दगडगोट्यांची वाट, कुंपणाचं फाटक, मेंढ्या, अगदी खाली एक बारीकसा ओढा, आणि ओढ्यापाशी दोन ठिपके. एक पांढरा, एक जांभळा. पांढरा ठिपका म्हणजे बाबांचा सदरा. जांभळा ठिपका म्हणजे माझं जॅकेट, आणि जॅकेटच्या आत मी. दुसऱ्या कुणाला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नसतं. मला मात्र हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. त्या ओढ्यापाशी आम्ही दोघं कशासाठी होतो हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, असं मी तीन महिने धरून चालले होते. आणि हा फोटो तर वरून काढलेला होता, टेकडीच्या माथ्यावरून. माथ्यावर त्या दिवशी आमच्यातला एकच माणूस गेला होता. तो आत्ता सोफ्याच्या कापडावर बोट फिरवून डाग गेला की नाही ते बघत होता.

आमच्याकडे हे असंच असतं. कुणी कुठे फिरून आलं की एखाद्या शनिवारी दुपारी चार माणसं जेवायला बोलवायची आणि सगळे फोटो टीव्हीवर दाखवायचे. वडे गरम असेपर्यंत लोक आवडीने बघतात, श्रीखंड येईपर्यंत सहन करतात. फोटो निवडून दाखवायचे कष्ट कुणी घेत नाही. यतीनने तर कॅमेऱ्याचं अख्खं कार्ड न बघता डीव्हीडीवर टाकलं होतं. सकाळी मी म्हटलं, अरे, जरा बघून घे, एकच कोकरू किती वेळा दाखवशील? तर म्हणाला, "सॉर्ट करायला वेळ कुणाला आहे यार? स्लाइड शो लावून देऊ, आपोआप जातील." तसे ते आपोआप जात होते. बोट, बोट, बोटीतून यतीन, यतीनचे नवे बूट, कोकरू, कोकरू, आणि मग हा. तो आठवड्याचे मोजे इस्त्री करून ठेवणारा माणूस. पण स्वतः काढलेले फोटो काही त्याला आठवले नाहीत.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बाबा म्हणजे यतीनचे वडील, पुरुषोत्तम. ठाणे महापालिकेच्या पाणीखात्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते बघतात. सासूबाई गेल्यावर यतीनने ठाण्याचा फ्लॅट विकायला लावला, "बाबा, आता आपल्या घरी राहायचं" म्हणून त्यांना इकडे आणलं, ग्रीन कार्डचा अर्जही केला. आणि स्कॉटलंडहून परत आल्यावर जुलैत त्याचा सूर बदलला. तळेगावला एक चांगला वृद्धाश्रम आहे, त्याने इंटरनेटवर पाहिलाय, डॉक्टर आहे, बाग आहे, समवयस्क माणसं आहेत. "उद्या अंथरुणाला खिळले तर? तुला झेपणार नाही, उल्का. तुझी नोकरी, तुझा कम्यूट. मला तुझाही विचार करायला हवा ना." मी म्हटलं, माझा विचार मी करीन, त्यांना कुठेही पाठवायचं नाही. त्यावर तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू चांगली आहेस म्हणून बोलतेस. वेळ आली की कळेल." आणि त्याने बाबांनाही जाऊन हेच सांगितलं, उल्काला झेपणार नाही. बाबा "बरोबर आहे" म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ऑक्टोबरचं तिकीट झालं. तेव्हापासून बाबा माझ्या हातचा चहा घेताना सुद्धा "तुला उगाच त्रास" म्हणायला लागले, आणि मी आतल्या आत जळत होते. यतीन खोटं बोलतोय असं बाबांना सांगायचं कसं? आणि खोटं तरी कसं म्हणायचं? मला काय झेपतं हे त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही, अशी माझी समजूत. कारण त्याला ते कळू द्यायचं नाही असा शब्द मीच बाबांना दिला होता.

केरेरा त्या बेटाचं नाव. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला ओबन म्हणून गाव आहे, त्याच्या समोर. यतीनच्या कंपनीचं ट्रेनिंग एडिंबराला होतं, ते संपल्यावर त्याने आम्हा दोघांना फिरवायचं काढलं. बेट एवढंसं, पलीकडे न्यायला होडीही तेवढीच. बेटावर रस्ता म्हणजे चढ, मग उतार, मग परत चढ, आणि दोन्ही बाजूंना मेंढ्या. बाबा खूश होते. होडीतून उतरल्या उतरल्या कडेच्या झऱ्याशी वाकून त्यांनी पाण्यात बोटं घातली आणि म्हणाले, "उत्तम. याला क्लोरीन लागायचं नाही." यतीन लांबूनच ओरडला, "बाबा, प्लीज! शीप असतात इथे!" आणि खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून त्यांच्या हातावर दाबली. बाबांनी मुकाट्याने हात चोळले. मला तेव्हा गंमत वाटली होती. म्हणजे बघा, मी त्याच्या या सगळ्याला गंमत म्हणत होते. दाराच्या मुठीला रुमाल लावून हात घालायचा, मुलगा सिद्धेश तान्हा होता तेव्हा त्याचा लंगोट बदलायची वेळ आली की नेमका ऑफिसचा कॉल यायचा, सासूबाईंच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खोलीत न येता बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून विम्याचं काम बघायचं. कुणीतरी ते बघायला हवंच होतं ना, असं मी तेव्हा म्हणायचे. सिद्धेश आता सॅन डिएगोला कॉलेजात आहे. म्हणजे किती वर्षं मी हे म्हणतेय ते बघा.

आदल्या रात्री भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मी दहीभात केला होता. बाहेर खायचं नाही हा यतीनचा नियम. कशात बीफ असेल, कुणाचे हात कसे असतील, याची त्याला दहशत. डबा त्याने रात्रीच गाडीत नेऊन ठेवला, सकाळी वर हीटर लावला. फाटकाजवळच्या गवतावर बसून डबा उघडला तर भसकन आंबूस वास आला. यतीनने झाकण नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं, म्हणाला, "मी नाही हे खाणार." आणि बॅगेतून स्वतःसाठी एनर्जी बार काढला. मग तो डबा त्याने बाबांच्या पुढ्यात सरकवला. "बाबा, तुम्हाला चालेल ना? तुम्हाला काय, सगळं पचतं." मी म्हटलं, अहो नको, टाकून द्या तो. पण डबाभर भात टाकायचा म्हणजे बाबांच्या जिवावर येतं, त्यांनी लोणच्याशी तो सगळा संपवला. यतीन शेजारी बसून आपला बार कागद न सोडता, बोट न लावता खात होता. खाऊन झाल्यावर म्हणाला, "मी टॉपवर जाऊन येतो. वरून सगळी आयलंड्स दिसतात म्हणे. तुम्ही हळूहळू या." आणि नवा कॅमेरा गळ्यात अडकवून तो वर निघाला. बारा पट झूम आहे त्याला, विकत घेतल्यापासून सगळ्यांना सांगत होता.

तो वळणाआड गेल्यावर थोडं चाललो असू. बाबा थांबले. म्हणाले, "उल्का, तू जरा पुढे हो." मला वाटलं, लघवीला जायचं असेल. मी पुढे झाले, पाठ फिरवून उभी राहिले, मेंढ्या बघत. बराच वेळ झाला तरी हाक येईना तेव्हा वळून पाहिलं. बाबा आहेत तिथेच उभे होते, पाय फाकून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. त्यांची पँट मागून पार खालपर्यंत भिजली होती. बुटात उतरलं होतं. मला किळस आली नाही असलं काही मी सांगणार नाही. आली. तो उग्र आंबट वास, त्यात ओल्या लोकरीचा वास, आणि तिथली ती बारीक चिलटं, नाकात जाणारी, डोळ्यांत जाणारी. घशाशी आलेलं मी परत गिळलं. आसपास घर नाही, माणूस नाही, टॉयलेट म्हणाल तर कुठल्या कुठे मागे राहिलेलं. मी बाबांचा दंड धरला आणि म्हटलं, चला, खाली ओढा आहे. एकेक पाऊल टाकत आम्ही खाली उतरलो.

ओढ्यात मी गुडघ्यांवर बसले. बूट काढले, मोजे काढले, पँट काढली, आणि माझ्या गळ्यातली सुती ओढणी भिजवून त्यांना पुसायला, धुवायला लागले. पाणी असं गार की बोटं बधिर झाली. तोल जाऊ नये म्हणून बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. नव्वद किलोचे पाइप उचलून घेतल्याच्या गोष्टी सांगणारा माणूस, त्याच्या पिंढऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झालेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. किळस केव्हा गेली मला कळलं नाही. हाताला काम लागलं की तिला फारसा वेळ मिळत नाही. मध्येच बाबा वरून म्हणाले, "पाण्याला ओढ मात्र चांगली आहे गं." मला हसू फुटलं. अहो, अशा वेळी! मग तेही हसले, हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेचना. मी त्यांना माझ्या बॅगेतली पावसाळी पँट घातली. त्यांची पँट आणि माझी ओढणी डब्याच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. "यतीनला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "बाकी कुणाला सांग हवं तर. त्याला नको. त्याच्यासमोर मला मान वर करून बसता आलं पाहिजे." मी म्हटलं, कुणालाच नाही सांगणार बाबा. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मला अजून वास येतोय का?" मी नाही म्हटलं.

यतीन बऱ्याच उशिराने खाली आला. "व्ह्यू मिस केलात तुम्ही," म्हणाला. बाबांच्या अंगातल्या माझ्या पँटकडे त्याने पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं, बाबांचा पाय घसरला, कपडे भिजले. "ओह," तो म्हणाला. झालं. पंच्याहत्तरीचा बाप दगडांच्या ओढ्यात पडतो आणि मुलगा लागलं का, खरचटलं का, एक शब्द विचारत नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. त्याने सॅनिटायझर काढला. "घे. जरा जास्त घे," म्हणाला. मग बाबांपुढे बाटली धरली, पण हात पूर्ण लांब करून, लांबूनच. परतताना होडीत आम्ही दोघं एका बाकावर आणि तो समोरच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला. गाडीत बाबांच्या सीटवर त्याने आधी प्लास्टिक पसरलं. ओले आहेत ना, सीट खराब होईल, रेंटल आहे. मी सगळं ऐकून घेतलं. मनात म्हणाले, बरं झालं बाई, याला काही कळलं नाही.

टीव्हीवर फोटो बदलला. तीच टेकडी, तोच ओढा, पण जवळून. आता ठिपके राहिले नव्हते, माणसं झाली होती. लगेच तिसरा. बारा पट. मी गुडघ्यांवर बसलेली, तोंड अर्धवट वर केलेलं, बाबांचा हात माझ्या डोक्यावर, बाबांचा सदरा आणि सदऱ्याखाली त्यांचे उघडे, काटकुळे पाय. म्हणजे याने आधी लांबून पाहिलं, मग झूम केलं, मग आणखी झूम केलं, आणि नीट फोकस होईपर्यंत वाट बघितली. नीट दिसलं. आणि मग तो तिथेच थांबला. आम्ही पिशवीला गाठ मारीपर्यंत, बाबांचे डोळे पुसून होईपर्यंत, वाऱ्याने वास जाईपर्यंत, तो वर बसून राहिला. आणि खाली येऊन म्हणाला, व्ह्यू मिस केलात. मी तोंडावर हात धरला. ओढ्याशी आली होती ती किळस याच्यापुढे काहीच नव्हती. हा माणूस त्याच हातांनी माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला होता, तुला झेपणार नाही. झेपताना बघितलं होतं त्याने मला! ते बघून, फोटो काढून, मग म्हणाला होता. स्वतःला ओकारी येते ती माझ्या नावावर खपवून त्याने बापाचं तिकीट काढलं.

"अगं, ही उल्का ना?" मीरा पुढे वाकली. "खाली बसून काय करतेयस तू? आणि काका..." यतीन रिमोट शोधत होता. सोफ्याच्या उशीखाली, माझ्या मागे, टीपॉयवर. सापडला तसा तो बटण दाबत सुटला. कोकरू, दगड, समुद्र, यतीनचा बूट. "काही नाही, ब्लर आहे तो," म्हणाला. "बाबांचा पाय स्लिप झाला होता जरा." त्याचे कान लाल झाले होते. गुरुदत्तला काही पत्ता नव्हता. "अरे, मागे घे ना यार, मस्त फोटो होता तो, एकदम कलात्मक!" "अरे नको, पुढे चांगले आहेत." तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "मागे घे, यतीन."

बाबांनी त्या आवाजात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पाणीखात्यात बोलत असतील. यतीन म्हणाला, "बाबा, जाऊ दे ना." बाबा म्हणाले, "घे." त्याने घेतला. फोटो पडद्यावर स्थिर राहिला, बाबा खुर्चीतून उठले, टीव्हीपर्यंत गेले, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघायला लागले. मीराने ताटली खाली ठेवली. तिला बहुतेक कळलं, कारण ती माझ्याकडे बघायला लागली आणि मग खाली गालिच्याकडे. "उल्काचा चेहरा छान आलाय," बाबा म्हणाले. मग वळून मुलाकडे पाहिलं. "चांगला कॅमेरा आहे रे." एवढं बोलून ते भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळू लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेले. करायचं काय म्हणून श्रीखंडाचा डबा बाहेर काढला आणि वाट्या मांडल्या. यतीन मागोमाग आला. आधी त्याने नळ सोडला, साबण लावला, हात धुतले. मी बघत होते. याने कशाला हात लावला होता? "सॉरी यार," तो हळू आवाजात म्हणाला, "मला नाही जमत ते. तुला माहितीये. मला ओकारी येते. मी वर खरंच ओकलो, उल्का. खोटं नाही सांगत." "मग खाली येऊन ओकायचंस," मी म्हटलं. "आमच्याजवळ. ओढ्यात पुष्कळ पाणी होतं." त्याने हात पुसले. "फोटो कशाला काढलास?" "मला कळेना काय करताय तुम्ही. आधी वाटलं काहीतरी... झूम केलं तेव्हा कळलं. बटण दाबलं गेलं." "आणि मला झेपणार नाही हे कुठून आलं? वरून दिसलं तुला?" त्याने दाराकडे पाहिलं. "हळू बोल ना, लोक आहेत." मी आवाज चढवला नव्हता. पण त्याचा तो स्वच्छ, साबणाचा वास येणारा चेहरा बघून माझ्या हातातला डाव वाटीत न जाता ओट्यावर गेला, आणि तो लगेच स्पंज शोधायला लागला. शी! मला वाटलं, हा माणूस मी मेल्यावर मला हात लावेल का? की लांबून फोटो काढेल? वीस वर्षं याच्या शेजारी निजतेय मी. "ओके, ओके," ओटा पुसत तो म्हणाला, "बाबांना राहू दे इथे. तिकीट कॅन्सल करतो मी. सोमवारी करतो. झालं ना तुझ्या मनासारखं?"

झालं होतं. तीन महिने मी ज्याच्यासाठी कुढत होते ते झालं होतं, स्पंजाच्या दोन फटकाऱ्यांत. मी बाबांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसून पायजम्याच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कुठे जायचं नाहीये, तो तिकीट कॅन्सल करतोय. आणि मला झेपणार नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं, एकदाही नाही. "ते आत्ता कळलं मला," बाबा म्हणाले. "तीन महिने मी तुझ्यावर उगाच राग धरून होतो गं. मनात म्हणायचो, धुताना काही बोलली नाही आणि आता मागून... मला माफ कर." मी त्यांच्या हातातला पायजमा काढून घ्यायला लागले. त्यांनी सोडला नाही. "त्याला सांग, तिकीट असू दे."

"म्हणजे?" मी खालीच बसले. "आता कशाला जाता? आता तर सगळं उघड झालं."

"म्हणूनच." त्यांनी घडी नीट केली. "तो बघत होता, उल्का. मी तिथे तसा उभा, आणि तो वरून बघत होता. आणि मी इथे रोज त्याच्यासमोर ताठ बसून जेवतोय, त्याला माहीत नाही म्हणून. त्याला पहिल्या घासापासून माहीत होतं." त्यांनी पायजमा उशाशी ठेवला. "माझ्या अंगाची मला त्या दिवशी किळस आली होती. ती गेली, तू घालवलीस. आज मला पोटच्या पोराची आली. बापाने असं बोलू नये. पण आली, काय करू? त्याच्या घरात आता मला घास उतरायचा नाही. तुझ्यासाठी राहिलो असतो, पण हे घर तुझ्या एकटीचं नाही ना." मी नुसती मान हलवत होते, नाही, नाही म्हणून. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू? तुला उतरतो?"

बाहेरून यतीनची हाक आली. "उल्का, श्रीखंड कुठाय? पुढचे फोटो लावतोय." मी उठले. वाट्या घेऊन हॉलमध्ये गेले आणि टीपॉयवर ठेवल्या. टीव्हीवर पडकी गढी होती आणि तिच्यासमोर हात कमरेवर ठेवून यतीन. तो कुणी काढला देव जाणे, बहुतेक टायमर लावून. सोफ्यावर त्याने स्वतःशेजारी जागा केली होती. "ये ना, बस," म्हणाला, आणि सगळ्यांसमोर हसून त्या जागेवर थोपटलं. मी दोन पावलं गेले. खरंच बसणार होते. सवयच असते. पण त्या थोपटणाऱ्या हाताच्या इतक्या जवळ गेल्यावर माझ्या घशाशी तेच आलं, आणि या वेळी ते गिळवेना.

"मीरा," मी म्हटलं, "जाताना मी आणि बाबा तुमच्या गाडीतून येऊ का? राहायला."

गुरुदत्तचा चमचा वाटीतच राहिला. यतीन म्हणाला, "उल्का, काय हे? डोन्ट बी सिली. लोक आहेत." मी मीराकडेच बघत होते. तिने हातातली वाटी न खाता खाली ठेवली, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि नवऱ्याला म्हणाली, "गुरू, मागच्या सीटवरची तांदळाची पिशवी डिकीत टाक. काकांना नीट बसता आलं पाहिजे."